बोट लागणं, गाडी लागणं आणि आकाशपाळणा

मराठीत बोट ‘लागते’, गाडी ‘लागते’, घाट ‘लागतो’. ऊन लागावं, थंडी लागावी, नजर लागावी, त्याच चालीवर. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ल्याकडे आगबोटी जात, तेव्हा कोकणी माणसांची सरळ दोन गटांत वाटणी होई : बोट लागणारे आणि बोट न लागणारे. लागणाऱ्यांच्या पिशवीत लिंबू असे, आल्याचा तुकडा असे, आणि शेजारी बसलेल्या न लागणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी फुशारकी असे. पुढे आगबोटी बंद झाल्या आणि हाच सगळा संसार एसटीत आला.

हे दुखणं फार जुनं आहे. मळमळीला इंग्रजीत ‘नॉशिया’ म्हणतात. तो शब्द ग्रीक भाषेतल्या ‘नाउस’ म्हणजे जहाज या शब्दापासून आला. आपली ‘नौका’ही त्याच मुळाची. म्हणजे मळमळ आणि नौका या भाषेच्या दृष्टीने नात्यातल्याच. समुद्रप्रवासात शरीर बिघडतं ते हालण्यामुळे, असं ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांतही नोंदलेलं आहे.

आज या विषयाकडे वळायला कारण झाली ती माझी भाची. तिची मुलगी नऊ वर्षांची. शाळेची सहल खोपोलीजवळच्या मोठ्या मनोरंजन उद्यानात जायची होती. मुलीला खंबाटकी घाटातही गाडी लागते आणि वर्गातली सगळी मुलं मात्र सगळ्यात उंच रोलर कोस्टरवर बसायच्या बाता मारत होती. भाचीने विचारलं, ‘‘मामा, हिला पाठवू की नको? आणि पाठवली, तर त्या राइडमध्ये बसू देऊ की नको?’’ मी इतिहासाचा मास्तर, डॉक्टर नव्हे. पण या प्रश्नालाही इतिहास आहे आणि तो पाहिल्यावर उत्तर बरंच सोपं होतं, असं मला वाटतं.

मौजेखातर घसरत जाण्याची सुरुवात रशियात झाली. सतराव्या-अठराव्या शतकात सेंट पीटर्सबर्ग परिसरात लाकडी सांगाड्यांवर बर्फ थापून सत्तर-ऐंशी फूट उंचीच्या घसरगुंड्या उभ्या करत. राणी कॅथरिनला त्यांचा इतका षोक, की ओरानियनबाउम इथे तिने घसरगुंडीला जोडून एक देखणा महालच बांधून घेतला. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर ही कल्पना पॅरिसला पोचली. १८१७ साली तिथे बेलव्हिल आणि बोजों इथे रुळांवरून धावणाऱ्या चाकांच्या गाड्या सुरू झाल्या. फ्रेंच लोक रोलर कोस्टरला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात आणि गंमत अशी, की खुद्द रशियन लोक त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात!

अमेरिकेत हा खेळ कोळशाच्या खाणीतून आला. पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक गावी १८२७ पासून कोळशाच्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली सोडत. रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायला खेचरं लागत आणि ती खेचरंही कोळशाबरोबर गाडीत बसून खाली येत. पुढे १८७० च्या दशकात कोळशाची वाहतूक दुसऱ्या मार्गाने होऊ लागली, तेव्हा लोक पैसे मोजून त्याच रुळांवरून खाली येऊ लागले. १८८४ साली लामार्कस थॉम्सनने न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या किनाऱ्यावर पाच सेंटांत एक फेरी देणारी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर. आपली बैलगाडी उधळली, तर याहून जोरात जाईल. पण रांगा लागल्या.

रांगा लागल्या, की चढाओढ आलीच. १८९५ साली कोनी आयलंडलाच ‘फ्लिप फ्लॅप’ नावाची गाडी आली. ती माणसाला पूर्ण उलटी करून परत सरळ आणायची. तिचं वळण नेमकं वर्तुळाकार होतं. सरळ रुळावरून वर्तुळात शिरताक्षणी सगळा भार एकदम अंगावर यायचा आणि मानेला जबर हिसका बसायचा. काही वर्षांत ती बंद पडली. यावर खरा तोडगा निघाला तो १९७६ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन उद्यानातल्या ‘रिव्होल्यूशन’ या गाडीसाठी वेर्नर श्टेंगेल या जर्मन अभियंत्याने वळण वर्तुळाचं न ठेवता अश्रूच्या थेंबासारखं केलं. वळण हळूहळू आवळत जातं, म्हणून भारही हळूहळू वाढतो. आजच्या मोठ्या गाड्यांची ही परंपरा. आपल्याकडे गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद झालं. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ मध्ये आलं. त्याआधी आणि नंतरही गावोगावच्या जत्रांत आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेकडान्स आणि जहाजाच्या आकाराचा तो ‘कोलंबस’ आहेतच.

ही झाली पाळण्याची कथा. आता दुखण्याची.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला फिरत्या खुर्चीचा उपयोग, ऐकून अंगावर काटा येईल, पण वेड्यांच्या उपचारासाठी होत होता. इरॅस्मस डार्विन या वैद्याने रुग्णाला गोल फिरवण्याची कल्पना मांडली आणि जोसेफ मेसन कॉक्स या डॉक्टरने १८०४ च्या आपल्या पुस्तकात टांगत्या खुर्चीचे प्रयोग सांगितले. रुग्णाला गरगर फिरवायचं, त्याला चक्कर यावी, उलटी व्हावी आणि तो शांत पडावा, हा उद्देश. म्हणजे आज मुलं ज्या गोष्टीसाठी तिकीट काढतात, तीच तेव्हा जबरदस्तीने करवली जाई. फरक फक्त एकच. तिथे ‘थांबवा’ म्हणायचा अधिकार बसणाऱ्याला नव्हता. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

याच इरॅस्मसचा नातू म्हणजे चार्ल्स डार्विन. डिसेंबर १८३१ मध्ये तो ‘बीगल’ जहाजावर चढला आणि १८३६ मध्ये परतला. जवळजवळ पाच वर्षांत समुद्र त्याला कधीच मानवला नाही. मनुका खाऊन तो दिवस काढी. पण संधी मिळेल तेव्हा तो किनाऱ्यावर उतरे. प्रवासातला निम्म्याहून अधिक काळ त्याने जमिनीवर काढला आणि त्याचं मोठं काम तिथेच झालं. ट्रफाल्गरचा वीर ॲडमिरल नेल्सन बारा वर्षांचा असताना आरमारात शिरला. त्यालाही वारा जोराचा सुटला, की शेवटपर्यंत बोट लागत असे. गाडी लागणं हा भित्रेपणा आहे, असं म्हणणाऱ्यांनी नेल्सनकडे एकदा पाहावं.

मग हे होतं कशाने? फार काळ लोक पोटाला दोष देत. खरा गुन्हेगार कानात सापडला. १८२० च्या दशकात फ्लुरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतराच्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापल्या. पक्ष्याला नीट ऐकू येत होतं, पण तोल मात्र गेला. १८७० च्या दशकात माख आणि ब्रॉयर यांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं, की या नळ्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला डोकं फिरल्याचं कळतं. १८८२ मध्ये विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मूकबधिर व्यक्तींना गोल फिरवून पाहिलं, तर त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना चक्कर आलीच नाही. कानातलं ते यंत्रच काम करत नसेल, तर चक्कर कुठून येणार!

पण कान एकटा दोषी नाही, हे एका करमणुकीच्या खेळाने दाखवलं. १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात ‘भुताटकीचा झोका’ होता. लोक एका खोलीत टांगलेल्या झोक्यावर बसत. झोका वाढत वाढत पूर्ण उलटा फिरतोय, असं त्यांना वाटे. प्रत्यक्षात झोका जवळजवळ स्थिर असे. फिरत असे ती खोली, भिंती-छपरासकट, आणि आतलं सामान पक्कं ठोकलेलं. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने पुढच्या वर्षी त्याचं वर्णन छापलं. बसल्या जागी, शरीर न हलता, लोकांना मळमळत होतं. डोळे सांगतात ‘फिरतोय’, कान सांगतो ‘नाही’, आणि या भांडणात पोट ढवळून निघतं. एसटीत पुस्तक वाचताना नेमकं उलट घडतं. डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि कानाला घाट कळतो.

या भांडणाचा फटका उलटीच्या रूपानेच का बसावा? ट्रिसमन या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये एक अंदाज मांडला. निसर्गात डोळे आणि कान यांचा मेळ बिघडतो तो बहुधा विष पोटात गेल्यावर, म्हणून मेंदू विष बाहेर टाकायचा हुकूम देतो. हा अंदाज सिद्ध झालेला नाही, पण पटण्याजोगा आहे.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येऊ. यातून तिला मी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, वय. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी सहसा लागत नाही. सहा-सात वर्षांपासून त्रास वाढतो, नऊ-दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो आणि पुढे वयात येताना बहुतेकांचा कमी होत जातो. म्हणजे ही मुलगी आज ऐन भरात आहे. यंदा जमलं नाही, तर कायमचं हुकलं, असं मुळीच नाही.

दुसरी, भयंकर दिसणारी राइड आणि मळमळवणारी राइड एकच नव्हे. जहाजांवरच्या आणि प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसलं आहे, की सर्वांत त्रास देतो तो संथ हेलकावा, साधारण पाच सेकंदांत एक या चालीचा. कोलंबसचा झोका याच्याच आसपास झुलतो. कपबशीसारखे गरगर फिरणारे पाळणे आणि समोर पडदा हलवून खुर्ची डुलवणारे खेळ हेही वाईट. त्यामानाने रोलर कोस्टर दोन-तीन मिनिटांत संपतो आणि रूळ समोर दिसत असतात. आणि त्या दिवसातली सर्वांत त्रासदायक राइड? ती म्हणजे सहलीची बस! खंडाळ्याचा घाट तिला कोणत्याही रोलर कोस्टरपेक्षा जड जाणार होता.

तिसरी गोष्ट सवयीची. ‘एकदा जबरदस्तीने बसवा, म्हणजे सवय होईल,’ असं म्हणणारे प्रत्येक घरात असतात. सवय होते, हे खरं. वैमानिकांना मुद्दाम फिरत्या खुर्चीत बसवून तयार करतात. पण ते थोडं थोडं, रोज, आणि त्रास सुरू होताच थांबवून. शिवाय एका गाडीची सवय दुसरीला उपयोगी पडेलच असं नाही. रशियाचा गेर्मान तितोव हा कसलेला लढाऊ वैमानिक, पण १९६१ मध्ये अंतराळात गेला आणि त्याला तिथे उलट्या झाल्या. आणि एकदा जोराने त्रास झाला, की पुढच्या वेळी पाळणा नुसता पाहूनही मळमळू लागतं. जबरदस्तीचा लाभ असा उलटा होतो.

मग मी मुलीलाच विचारलं, ‘‘तुला भीती कशाची वाटते गं?’’ ती म्हणाली, ‘‘आजोबा, मला उंच जायची भीती नाही वाटत. मला फक्त सगळ्यांसमोर ओकायचं नाहीये.’’ आम्ही मोठी माणसं भीती घालवायच्या गोष्टी करत होतो आणि पोरीची अडचण निराळीच होती. गेल्या सहलीपासून वर्गात तिला एक नाव पडलं होतं, ते तिने तेव्हा पहिल्यांदा आईला सांगितलं.

ठरलं ते असं. सहलीला जायचं. बसमध्ये पुढच्या बाकावर बसून समोरच्या रस्त्याकडे पाहायचं, याची आईने बाईंना चिठ्ठी दिली. सकाळी पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गोळीबद्दल डॉक्टरांना विचारलं. या गोळ्यांचाही किस्सा आहे. १९४७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला नवं औषध दिलं, तर तिला ट्राम लागायची थांबली. मग सैनिकांच्या जहाजावर त्याचा प्रयोग झाला आणि ड्रामामाइन बाजारात आलं. पण या गोळ्या आधी घ्याव्या लागतात, त्यांनी झोप येते, आणि मुलांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. राइडबद्दल मुलीला सांगितलं, की उंचीच्या पट्टीत बसत असशील आणि मनात असेल, तर रोलर कोस्टर एकदाच, जेवणाआधी. कोलंबस आणि कपबशी नको. बस लागली असेल, तर काहीच नको. आणि रांगेच्या टोकाला पोचल्यावरही ‘नाही’ म्हणता येतं.

ती एकदा बसली. दुसऱ्या फेरीला मैत्रिणींच्या चपला-पाण्याच्या बाटल्या सांभाळत खाली उभी राहिली. दोन्ही निर्णय तिचेच.

उंचीची पट्टी सांगते, की सुरक्षेचा दांडा मुलाच्या अंगावर नीट बसेल की नाही. ती पोटाबद्दल काही सांगत नाही, हे पालकांनी विसरू नये. मानेचं, हृदयाचं दुखणं असेल, तर प्रश्न मळमळीचा राहत नाही, तो डॉक्टरांचा होतो. निव्वळ मळमळीपुरतं बोलायचं, तर निवड बसणाऱ्याकडे असावी, हे आता उद्यानवाल्यांनाही कळलं आहे. फ्लोरिडाच्या एपकॉट उद्यानात २००३ मध्ये अंतराळयानाची एक राइड आली. ती माणसाला यंत्रात गरगर फिरवते आणि जागेवर उलटीची पिशवीही ठेवते. २००६ पासून त्यांनी तिचा न फिरणारा सौम्य प्रकार वेगळा काढला. दोन रांगा, दोन रंग, ज्याला जी झेपेल ती.

डार्विनने पाच वर्षं बोट लागणं सोसलं, कारण किनाऱ्यावर त्याला काहीतरी पाहायचं होतं. हा हिशेब त्याचा होता, कप्तानाचा नव्हे. मुलांच्या बाबतीत आपण मोठ्यांनी माहिती द्यावी, घातक असेल तिथे आडवं यावं, आणि बाकीचा हिशेब त्यांना मांडू द्यावा. आलेपाकाची वडी आणि एक पिशवी मात्र दप्तरात न विसरता ठेवावी.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)