डोरियनची तसबीर

३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात अमेरिकन संपादक स्टॉडर्ट यांनी दोघा लेखकांना जेवू घातले. त्यातून कॉनन डॉइलने होम्सची कादंबरी दिली, ऑस्कर वाइल्डने ‘डोरियन ग्रे’. देखणा डोरियन मागतो काय, तर म्हातारपण आपल्याऐवजी आपल्या तसबिरीला यावे! सिबिल या गरीब नटीला तो झिडकारतो आणि तसबिरीच्या ओठांशी क्रौर्याची पहिली रेघ उमटते. १८९०च्या जुलैत हे मासिकात छापून येताच नीतिरक्षकांनी गिल्ला केला, डब्ल्यू. एच. स्मिथने स्टेशनांवरील दुकानांतून अंक काढून टाकला. मी शाळामास्तर, नीतिपाठ मला नवे नाहीत. पण प्रत्येक पापाची नोंद ठेवणारे पुस्तक अनीतीचे कसे, हे मला उमगत नाही. वाइल्डला तर त्यातला बोध फारच उघड झाला असे वाटे! १८९१च्या पुस्तकात त्याने काही मजकूर सौम्य केला, सहा प्रकरणे वाढवली. व्यर्थ! १८९५ साली न्यायालयात कार्सन वकिलाने नेमका मासिकातला जुना पाठच उलटतपासणीला काढला. पुढे वाइल्डला दोन वर्षे सक्तमजुरी झाली. स्टॉडर्टनी छापण्यापूर्वीच गाळलेले सुमारे ५०० शब्द वाचकांना पुस्तकरूपाने मिळाले, ते २०११ साली.