क्रॉस-कंपायलेशन : ड्रीमकास्टसाठी कर्नल

एका जातीच्या संगणकावर दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बांधणे म्हणजे क्रॉस-कंपायलेशन. सेगाचा ड्रीमकास्ट हा गेम कन्सोल १९९८ साली जपानमध्ये विक्रीस आला. त्यात हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर आहे, मुख्य मेमरी अवघी १६ मेगाबाइट, आणि हार्ड डिस्क नाहीच. एवढ्यात लिनक्स या मुक्त प्रणालीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, कंपाइल करणे व्यवहार्य नाही. ते काम पीसीवर होते. पीसीवरचा नेहमीचा कंपायलर मात्र पीसीच्याच प्रोसेसरच्या आज्ञा लिहितो. म्हणून एसएच-४साठी घडवलेला कंपायलर, असेंब्लर आणि लिंकर असा वेगळा संच आधी तयार करावा लागतो. खरी मेहनत इथेच आहे. पुढे ड्रीमकास्टची तयार कॉन्फिगरेशन फाइल लिनक्सच्या सोर्स कोडमध्येच मिळते. बाइटक्रमाकडे, म्हणजे संख्येतले बाइट मेमरीत कोणत्या क्रमाने ठेवायचे याकडे, मात्र लक्ष हवे : एसएच-४ दोन्ही क्रमांनी चालू शकतो, ड्रीमकास्टमध्ये तो लिटल-एंडियन, म्हणजे कमी मूल्याचा बाइट आधी ठेवणारा, आहे. उलट क्रमाचा कर्नल पीसीवर बिनतक्रार बांधला जातो, कन्सोलवर सुरूच होत नाही. नेटबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीत कंपायलरचा संच घडवण्याची सोय अधिक देखणी आहे. तिची बांधणीची स्क्रिप्ट हा सारा संच स्वतःच आधी घडवून घेते. तयार कर्नल सीडीवर लिहून किंवा सिरियल केबलने कन्सोलमध्ये उतरवतात.