शिंगं परदेशी, नाच गावचा

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधलं ॲबट्स ब्रॉम्ली हे लहानसं गाव हॉर्न डान्ससाठी प्रसिद्ध आहे. सहा जण शिंगांच्या सहा जोड्या खांद्यावर पेलून दिवसभर वाड्यावस्त्यांवर नाचत फिरतात. सोबत लाकडी घोडा, धनुर्धारी, विदूषक आणि रॉबिन हूडच्या गोष्टींतल्या मेड मॅरियनच्या वेषातला पुरुष. हा शिकारीचा आदिम विधी, असं सर्रास सांगतात. शेजारच्या नीडवुड जंगलात शिकारीचा हक्क मिळाला, त्याची ही आठवण, असाही एक दावा आहे.

मला दोन्ही पटत नाहीत, कारण शिंगं रेनडिअरची आहेत. जंगलाचा हक्क मिरवायचा तर त्याच जंगलातल्या हरणाची शिंगं नसती का मिरवली? १९७६ साली कार्बन चाचणीत शिंगाचं वय अकराव्या शतकाच्या आसपासचं निघालं. तेव्हा इंग्लंडात रेनडिअर बहुधा उरलेच नव्हते. शिंगं स्कँडिनेव्हियाकडूनच आली असणार. पण शिंग जुनं म्हणून नाचही तेवढाच जुना, हा तर्क लंगडा आहे. जुनं शिंग कधीही विकत घेता येतं.

निसर्ग-अभ्यासक रॉबर्ट प्लॉटनं १६८६ साली या नाचाचं वर्णन छापलं. त्यात घोडा आणि धनुष्य एकाच माणसाकडे आहे. धनुष्याच्या भोकातून बाण मागेपुढे ओढला की खट्ट आवाज होई, तोच ताल. शिंगांवर पॅजेट, बॅगट, वेल्स या बड्या घराण्यांची चिन्हं रंगवलेली. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे एक भांडं! गावचे चार-पाच प्रमुख ते आळीपाळीनं सांभाळत, त्यासाठी केक आणि बिअर पुरवत. गावकरी आणि पाहुणे पेनी-पेनी देत. खर्च भागून उरलेल्या पैशांतून चर्चची डागडुजी होई, गोरगरीब पोसले जात.

माझ्या मते नाचाचा उगम या भांड्यात आहे. नाताळच्या दिवसांत वर्गणीसाठी काढलेलं हे घोड्याचं सोंग. दुर्मीळ शिंगं एखाद्या बड्या घराण्यानं पुढे दिली असावीत, म्हणून तर त्यांवर त्यांची चिन्हं. १६०१च्या कायद्यानं गरिबांसाठीचा सक्तीचा कर पक्का केला, आणि प्लॉटच्या काळी हा नाच आठवणीतली गोष्ट झाला होता. चर्चचा आणि गरिबांचा खर्च आता लोक तितक्या आनंदानं सोसत नसावेत, असंही तो नोंदवतो. कर आला, वर्गणीची गरज सरली; मला यात योगायोग दिसत नाही.

नाच पुढे परतला, तो सप्टेंबरात. ४ सप्टेंबरनंतरच्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सेंट निकोलस चर्चमधून शिंगं बाहेर निघतात.