उतारूंचं घर

लग्न होऊन आले तेव्हा या घराची मला चीडच आली होती. एका ओळीत चार खोल्या, पण एकीतून दुसरीत जायला दार नाही. स्वयंपाकघरातून न्हाणीत जायचं तरी आधी सोप्यात यायचं. प्रत्येक खोलीत एक काजळलेला कोपरा, आणि बाहेर भिंतीत लोखंडी कड्या. घर असं कुणी बांधतं का? सासूबाई म्हणाल्या, "घर म्हणून बांधलंच नाही गं. ही धर्मशाळा. चुली उतारूंच्या, कड्या त्यांच्या बैलांच्या."

आमचं गाव संकेश्वर-निपाणी रस्त्यावर. कोकणातलं मीठ, नारळ घेऊन गाड्या आंबोली घाट चढत आणि आजरा, गडहिंग्लजवरून संकेश्वरला येऊन पुढं जात. बैलगाडी दिवसाला सात-आठ कोस चालणार. तेवढ्या अंतरावर पाणी आणि आडोसा हवाच. मामंजींच्या आजोबांनी या चार खोल्या आणि आड धर्मादाय म्हणून बांधून दिला.

1887 साली रेल्वे बेळगावला आली. पुढं रूळ चिकोडी रोड, कुडचीवरून मिरजेला गेले. संकेश्वर, निपाणी बाजूलाच राहिली. लांबचा माल रेल्वेनं जाऊ लागला, खोल्या रिकाम्या पडू लागल्या. तशात 1896 साली मुंबईत आलेला प्लेग दोन-तीन वर्षांत आमच्या भागातही पसरला. लोक गाव सोडून शिवारात झोपड्या घालून राहू लागले. आमची माणसं गावातलं घर सोडून इथं आली, महिना-दोन महिन्यांपुरती. साथ फिरून फिरून येत राहिली आणि ती परत गेलीच नाहीत.

धर्मादाय केलेलं आपण वापरायचं नाही, हा आमच्यात नेम. तो मोडल्याची बोच घरात होती. म्हणून कट्ट्यावरचा गाळलेल्या पाण्याचा रांजण कधी रिकामा राहू दिला नाही. त्यानं दोष फिटतो का? मला नाही वाटत. पण विसर तरी पडत नाही.

सुवर्ण चतुष्कोनात रस्ता चौपदरी झाला तेव्हा कट्टा गेला, भरपाई आली. मी मनात नवं स्वयंपाकघर मांडूनही टाकलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "कट्टा आपला नव्हता, त्याचा पैसा आपला कसा?" त्या पैशातून बोअर मारली आणि रस्त्याकडेला नळ काढला.

आता लॉरीवाले तिथं बाटल्या भरतात. मी अजून सोप्यातूनच न्हाणीत जाते.