पैठणच्या कुंपणावरची बोरं

पैठणला तुम्ही आधी आला असाल, पण आज जायकवाडीची भिंत शोधू नका. धरण १९७६ साली पुरं व्हायचं आहे आणि तुम्ही इसवी सनाच्या पहिल्या शतकात उभे आहात. गोदा मोकळी वाहते आहे. गावाचं नाव प्रतिष्ठान, राज्य सातवाहनांचं, महिना पौष. थंडीनं बोटं आखडली आहेत.

बांधावर रानबोरीचं कुंपण लगडलं आहे. हात घालताच बाही अडकते. बोरीला काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा. सरळ टोचतो, आकडा धरून ठेवतो.

"ओढू नका, पाव्हणं," शेजारची आजी म्हणते, "हात आत सारा, मग सुटंल." बाही सुटते. "हिरवी ऱ्हाऊ द्या झाडाला. सुरकुतलेली घ्या." सुरकुतलेल्या बोरातलं पाणी उतरलेलं असतं, गोडी दाटलेली असते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही, वर्षानुवर्षं तिनं बोरं चाखली आहेत.

परसात ती बोरं हलक्या हातानं ठेचते. मडकं नवं नाही, वर्षानुवर्षं तूप मुरलेलं आहे. मातीची छिद्रं तुपानं बुजतात, म्हणून रस पाझरत नाही. आतून मध आणि पिंपळीचा लेप. मग बोरं, पाणी, सढळ हातानं गूळ आणि शेवटी मूठभर सुकलेली तांबडी फुलं. ही धायटी, उत्तरेकडच्या डोंगरांतून आलेली. सगळं काम खरं तर तीच करते. तिच्या मधाळ फुलांवर किण्व असतं, ते गुळाची गोडी खाऊन मद्य करतं. मद्य वाढलं की किण्व आपोआप थंडावतं आणि उरलेला गूळ रसात तसाच राहतो. म्हणून हे पेय, म्हणजे आसव, गोड. त्याला ना भट्टी लागते, ना नळी.

तोंडाला फडकं, वर ओली माती, आणि मडकं जवाच्या राशीत गाडलेलं. पौषातल्या रात्री उघड्यावर ठेवलं तर आंबणं थांबेल. राशीत ऊब टिकते.

महिना उलटतो. आजी मडक्याला कान लावते. आतली चुळबुळ थांबली आहे. रस फडक्यातून गाळून ती तुमच्या हातात वाटी देते. आधी गूळ, मग बोराचा आंबटपणा, मग घशातून खाली उतरणारी ऊब. मद्याचं प्रमाण आजच्या आसवांइतकं, म्हणजे शेकडा ५ ते १२ असावं.

बाजारातून भडोचला गाड्या निघतात, वाट २० दिवसांची. त्या बंदरात इटलीची वाइन उतरते आणि तिला सगळ्यांत जास्त मान आहे, असं त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. ती मिळाली तर जरूर चाखा. मी मात्र आजीचीच वाटी पुन्हा पुढे करीन.

चैत्रात आला असतात तर मोहाची फुलं वेचली असती. हाल या सातवाहन राजाच्या नावावरच्या गाथांमध्येही मोह आहे.

आजीचं हे ज्ञान वैद्यांच्या ग्रंथातही आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २५व्या अध्यायात, ८४ आसवं मोजली आहेत. त्यांतली २६ फळांची. जांभूळ, कवठ, फालसा, आणि बोरं तर तीन जातींची: कुवल, बदर, कर्कंधू. रानातल्या इवल्याशा कर्कंधूला मोठ्या बोराच्या पंक्तीत बसवणारी ही यादी मला फार आवडते. कौटिल्यही घराला मोकळीक देतो. कुटुंबानं औषधासाठी अरिष्ट, म्हणजे काढ्याचं आसव, करावं. उत्सवाला, यात्रेला चार दिवस मद्य गाळायची मुभा असावी.

आता परत या. छत्रपती संभाजीनगरच्या औषधाच्या दुकानात द्राक्षासव मिळेल, त्यात धायटीची फुलं आजही असतात. बोराचं आसव मला तिथं कधी दिसलं नाही. घरी करायचं म्हटलं तर १९४९चा दारूबंदी कायदा आडवा येतो. माझं मागणं मोठं नाही. बांधावरच्या बोरीसाठी, जांभळासाठी, गावातल्या गावात दहा-वीस मडकी लावणाऱ्या बायकांना स्वस्त आणि सोपा परवाना मिळावा, आणि त्यांच्या बाटलीवर गावाचं नाव असावं.