पिंजरा कोणासाठीं?

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांच्याकडेच आपलें लक्ष जातें. परंतु पिंजऱ्यालाहि इतिहास असतो, आणि तो कांहीं कमी बोधप्रद नसतो. एखाद्या काळच्या माणसांनीं जनावरांसाठीं कशीं घरें बांधिलीं हें पाहिलें, म्हणजे तीं माणसें जनावरांना काय समजत होतीं याचा उलगडा होतो. या दृष्टीनें लंडन शहरांतील रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाची हकीकत आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

या संग्रहालयाची संस्था 1826 सालीं स्थापन झाली आणि 1828 सालीं तिची बाग उघडली. प्राण्यांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा हा मूळ हेतु; म्हणून प्रथम सभासद व त्यांचे पाहुणे यांनाच आंत प्रवेश असे. सर्वसाधारण जनतेला तिकीट काढून आंत जाण्याची मुभा 1847 सालीं मिळाली. तेव्हांपासून बागेला दोन धनी झाले : एक शास्त्रज्ञ आणि दुसरा प्रेक्षक. जनावर हा तिसरा पक्ष; पण त्याचें मत विचारण्याची सोय नव्हती. 1850 सालीं ईजिप्तमधून पाणघोडा आला, तेव्हां त्याला पाहण्यास सारें लंडन लोटलें. 1865 सालीं आलेला जंबो हत्ती मुलांना पाठीवर बसवून फिरवूं लागला. पुढें तो केव्हां बिथरेल या भीतीनें 1882 सालीं संस्थेनें तो बार्नम नांवाच्या अमेरिकन सर्कसवाल्यास विकला, तेव्हां इंग्लंडांत मोठा हलकल्लोळ झाला.

त्या काळीं अशी समजूत होती कीं, उष्ण देशांतल्या प्राण्यांना इंग्लंडची थंडी बाधते. म्हणून अनेक प्राण्यांना बंद, उबदार खोल्यांत कोंडीत असत. हेतु चांगला होता. परिणाम मात्र असा होई कीं, कुबट हवेनें जनावरें आजारी पडत. 1903 सालीं चामर्स मिचेल हे संस्थेचे चिटणीस झाले. थंडीपेक्षां कोंदट हवाच अधिक घातक, असें त्यांचें मत होतें. त्यांनीं जनावरांना मोकळी हवा दिली. इकडे जर्मनींत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यानें 1907 सालीं गजांच्या ऐवजीं खंदक खणून प्राणी मोकळे दिसतील अशी बाग उभारली होती. तिचा कित्ता गिरवून लंडनमध्यें 1914 सालीं मॅपिन टेरेसेस हे कृत्रिम डोंगर तयार झाले.

येथपर्यंतची हकीकत प्रगतीची वाटते. पण गज काढले म्हणजे पिंजरा गेला, असें मात्र नव्हे. 1925 सालीं ‘मंकी हिल’ नांवाची एक खडकाळ टेकडी बांधण्यांत आली, आणि तींत हमाद्रयास जातीचीं सुमारें शंभर बबून माकडें सोडलीं. त्यांत जवळजवळ सारे नरच होते. माद्या अगदीं मोजक्या. दृष्टीस गज नाहींत, वर आकाश मोकळें, प्रेक्षक खूष. परंतु टेकडीवर मारामाऱ्या सुरू झाल्या. 1927 सालीं आणखी तीस माद्या आणून सोडल्या. त्यांच्यासाठीं नर एकमेकांवर तुटून पडले, आणि त्या ओढाताणींत थोड्याच काळांत कित्येक माद्या प्राणांस मुकल्या.

या प्रकाराचा दुसरा अनर्थ अधिक सूक्ष्म आहे. सॉली झुकरमन या तरुण शास्त्रज्ञानें त्या टेकडीवरील वर्तनाचें बारकाईनें निरीक्षण केलें, आणि त्याच्या आधारें माकडांच्या समाजजीवनावर 1932 सालीं ग्रंथ लिहिला. कामवासना आणि वर्चस्व हींच वानरसमाजाचीं सूत्रें होत, ही समजूत त्यामुळें दीर्घकाळ बळावली. पुढें 1960 नंतरच्या दशकांत हान्स कुमर यांनीं इथिओपियांत जाऊन हींच माकडें त्यांच्या मुलखांत पाहिलीं. तेथें एका नराभोंवतीं कांहीं माद्यांचें कुटुंब, अशा कुटुंबांचा गट, आणि गटांची टोळी, अशी व्यवस्थित रचना त्यांना आढळली. एका नराच्या कुटुंबावर परिचित नर सहसा हात टाकीत नाहीं. लंडनमध्यें अनोळखी नरांचा जमाव एका आवारांत कोंडला होता. दिसला तो वानरांचा स्वभाव नव्हे. दिसला तो टेकडीचा परिणाम! वर्ग कोंदट असेल आणि एका बांकावर सहा मुलें बसविलीं असतील, तर त्यांच्या गोंगाटावरून मुलांची जात ओळखूं नये, हें आम्हां शिक्षकांना अनुभवानें ठाऊक असतें.

तिसरा दाखला पेंग्विनांचा. 1934 सालीं बर्थोल्ड लुबेत्किन आणि त्यांचे सहकारी यांनीं पेंग्विनांसाठीं एक हौद बांधिला. सिमेंट-काँक्रीटचे दोन वळणदार उतार एकमेकांना न टेकतां अधांतरीं तरंगल्यासारखे दिसतात. स्थापत्यशास्त्राच्या इतिहासांत त्याला मानाचें स्थान आहे. पण काँक्रीटवर चालून पेंग्विनांच्या पायांना विकार होऊं लागले, आणि 2004 सालीं त्यांना तेथून हलविलें. 2011 सालीं त्यांच्यासाठीं मोठें तळें व किनारा असलेली नवी जागा झाली. जुना हौद मात्र संरक्षित वास्तु म्हणून रिकामाच उभा राहिला. पक्षी गेले, घर राहिलें. तें कोणासाठीं बांधिलें होतें, याचें यापेक्षां स्पष्ट उत्तर कोणतें?

हत्तींचीहि गोष्ट तशीच. 1965 सालीं त्यांच्यासाठीं भव्य गृह उभें राहिलें. पण शहराच्या मध्यभागीं हत्तींना पुरेशी जागा मिळेना. 2001 सालीं त्यांना गांवाबाहेर व्हिप्सनेडच्या विस्तीर्ण उद्यानांत नेण्यांत आलें. प्राणी कमी करणें हाहि सुधारणेचाच एक प्रकार आहे, हें संस्थेनें मान्य केलें.

2016 सालीं सिंहांसाठीं जें नवें आवार झालें, त्याचा संबंध आपल्याशीं आहे. तेथील सिंह गीरच्या जातीचे असून, भोंवतीं सासणगीरचें रेल्वे स्टेशन व बाजार यांचा देखावा उभारला आहे. सिंहाला जागा पूर्वीपेक्षां अधिक मिळाली, हें चांगलेंच. पण स्टेशनाचा देखावा सिंहासाठीं नाहीं. तो तिकीट काढणाऱ्यासाठीं आहे. दोन धन्यांची जुनी ओढाताण अद्याप संपलेली नाहीं.

आपल्या मुंबईंतहि भायखळ्याच्या राणीच्या बागेंत 2016 सालीं दक्षिण कोरियांतून हम्बोल्ट पेंग्विन आणले, आणि त्यांच्यासाठीं गारवा राखणारें कांचेचें घर केलें. तेव्हां हा प्रश्न दूरच्या देशाचा नाहीं. पुढल्या खेपेस मुलांना घेऊन बागेंत जाल, तेव्हां प्राणी कसा दिसतो एवढेंच पाहूं नका. त्याला आपल्या नजरेआड होण्यास जागा आहे काय, त्याच्या पायांखालीं काय आहे, आणि सोबतीला त्याचे सगेसोयरे आहेत कीं नुसता जमाव आहे, हेंहि मुलांना पाहण्यास सांगा. या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळेपर्यंत त्या प्राण्याच्या स्वभावाविषयीं कांहींहि ठरवूं नये, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.