नळीवरचं नाव

टेबलावर जुन्या एम-१ कार्बाइनचे सुटे भाग मांडलेत. तेलाच्या चिंधीने तुम्ही नळी पुसता. वर्षानुवर्षांचा चिकटा सुटतो आणि नेम धरायच्या माशीच्या मागे ठसा उमटतो : 'अंडरवुड', त्याखाली '११-४३'.

मान वर करता, तर नोव्हेंबर १९४३. अमेरिकेतलं हार्टफर्ड. तेलाचा उग्र वास, पायाखाली लोखंडाचा कीस. हा कारखाना टाइपरायटरचा. आता इथे नळ्या घडतात. शेजारची बाई नळी ठोकळ्यात बसवते, ठसा टेकवते, एक घाव. बोट फिरवून बघते आणि पुढची नळी उचलते. त्या एका घावात कारखान्याने शब्द दिलाय : खोट निघाली तर आमच्या दारात या.

नळी पेटीत पडते. तुम्ही तिच्यासोबत निघता आणि शिकागोला, क्वालिटी हार्डवेअरच्या दारात उतरता. यांच्याकडे नळ्या बनत नाहीत. त्या अंडरवुडसारख्यांकडून येतात आणि इथल्या रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर, चढतात. लष्कराचे असे दहा मुख्य कंत्राटदार. त्यात ज्यूकबॉक्सवाले रॉक-ओला आणि हिशेबयंत्रांचे आयबीएमही. त्यांच्यामागे लहान पुरवठादारांची रांग. कुणाचाही भाग कुणाच्याही बंदुकीत बसायलाच हवा, म्हणून सगळा कारभार मापावर चालतो. अशा रीतीने साठ लाखांहून जास्त कार्बाइन झाल्या.

तुमच्या मुठीत घोडाही आलाय. त्यावर तीनच अक्षरं : ए, ओ, बी. पहिली दोन ऑटो-ऑर्डनन्सची, म्हणजे थॉम्पसन बंदुकीच्या कारखान्याची. शेवटचं बी आयबीएमचं. घडवलं कुणी आणि कुणासाठी, दोन्ही तीन अक्षरांत. मला ही अक्षरं नळीवरच्या अख्ख्या नावापेक्षा जवळची वाटतात.

पण आयबीएमचा घोडा शिकागोच्या बंदुकीत आला कसा?

वर्षं झरझर सरतात. युद्ध संपलंय. दुरुस्तीच्या शस्त्रागारात कार्बाइन उघडल्या जातात, भाग साफ होऊन एकत्र जातात आणि हाताला येईल तो नव्याने बसतो. कुणी मूळ जोड्या शोधत नाही. काम झालं की दस्त्यावर शस्त्रागाराची खूण. ऑगस्टाची असेल तर 'एए'.

आज अनेक संग्राहक असे 'परके' भाग काढून एकाच कारखान्याची बंदूक जुळवतात. तसं करू नका, मनापासून सांगतो. हा घोडा काढलात, तर दुरुस्तीच्या त्या टेबलाचा पुरावाच काढलात.

तुम्ही पुन्हा आपल्या खोलीत आहात. रिसीव्हर हातात घेता. बनवणाऱ्याचं नाव याच्या मागच्या टोकावर असतं, पण तिथे नंतरचं, सरकवता येणारं, नेम धरायचं दर्शक बसवलंय आणि नाव त्याच्याखाली गेलंय. तुम्ही दिवा तिरका धरता. दर्शकाच्या कडेखालून एका अक्षराची कोर तेवढी चमकते.